मैदानाकडे पाठ करणाऱ्या मगदूम बाई

थ्रोबॉलचा सामना सुरू झाला की मगदूम बाई मैदानाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. त्याआधी अर्धा तास त्या मुलींच्या मधोमध असत. कुणाचं मनगट धरून बॉल कसा सोडायचा ते दाखव, कुणाच्या बुटाची लेस बांधून दे, असं चाललेलं असे. पण दोन्ही बाजूंना सात-सात मुली उभ्या राहिल्या आणि पहिला बॉल जाळीवरून गेला, की बाई गर्रकन वळत आणि कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करत. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. कोळशाने काढलेले तीन स्टंप आणि एक कोरडा नळ. मागे आरडाओरडा, शिट्ट्या, टाळ्या, आणि या हाताची घडी घालून नळाकडे बघतायत.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय या पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही, असं आई माझ्याबद्दल सांगते आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. तेव्हा मी विचारत सुटले. कन्नडचे शिवण्णा सर म्हणाले, त्यांना बी.पी. आहे, सामना सोसत नाही. हेडमिस्ट्रेस नागरत्नम्मा मॅडम म्हणाल्या, काहीतरी नवस असेल. मुलींनी कानात सांगितलं, मिसने बघितलं की आपण हरतो. शेवटी मी थेट बाईंनाच विचारलं.

"तुझं तू बघ की," बाई म्हणाल्या. "बघायलाच पाठवलंय न्हवं तुला?"

मी तेव्हा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वय वर्षं अडतीस. बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात चौदा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात घालवल्यावर मला अचानक शिक्षिका व्हावंसं वाटलं होतं. घरच्यांनी ते कौतुकाने ऐकून घेतलं, चार महिन्यांत हे खूळ उतरेल असं धरून. इंटर्नशिपसाठी कॉलेजने बनशंकरीतली ही छोटी इंग्लिश माध्यमाची शाळा दिली. मुलांचे आईवडील गारमेंटच्या कारखान्यात, मंडईत, नाहीतर सर्जापूर रोडवर आमच्यासारख्यांच्या अपार्टमेंटमध्ये कामाला. मी दोन बस बदलून सकाळी उलट दिशेने यायची, तेव्हा त्यातल्या काहींच्या आया माझ्या समोरून जात असणार. माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या दोन शब्दांवर मी पंधरा वर्षं काढली होती. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये अंग चोरून बसले होते, तर मागून आवाज आला, "पुण्याची काय गं तू?"

बाई निपाणीकडच्या एका खेड्यातल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे बेंगळुरूला आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. कन्नड इतकं अस्सल की शाळेत निम्म्या लोकांना त्या मराठी आहेत हे ठाऊक नव्हतं. माझ्याशी मात्र तिकडच्या मराठीत बोलायच्या, आणि तिकडच्या बायकांसारखंच "मी येतो", "मी जातो" म्हणायच्या. बुटक्या, रुंद, चालणं झपझप. दिवसभर गणित शिकवायच्या. चार वाजले की कपाटातून पुरुषी फुलशर्ट काढून साडीवर चढवायच्या, शेतात जाणाऱ्या बायका घालतात तसा, आणि मैदानावर निघायच्या. इंग्लिशच्या एका तरुण मॅडमनी त्यांना एकदा ट्रॅकसूट आणून दिला होता. बाईंनी मनापासून आभार मानले आणि तो दहावीतल्या एका मुलीला देऊन टाकला.

कॉलेजने मला जाड फाइल दिली होती. रोजचं पाठ टाचण, त्यात सहा रकाने, उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, मूल्यमापन. बाईंनी ती फाइल हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाल्या, "हे घरी लिही. इथं पंधरा दिवस गप्प बसायचं." शेवटच्या बाकावर बसायचं, रोज एक मूल निवडायचं आणि चाळीस मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. शिकवणाऱ्याकडे बघायचंच नाही. तास संपला की जिन्यात त्यांचा एकच प्रश्न, "आज काय बघितलंस?"

पहिल्या दिवशी मी ऑफिसातल्या सवयीने म्हटलं, "मुलांची एंगेजमेंट कमी होती."

"कुठल्या मुलांची?"

"म्हणजे... एकूणच."

"एकूणच म्हणून कुणी पोरगं न्हाई माझ्या वर्गात," बाई म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

मला राग आला. चौदा वर्षं मी लोकांचे अहवाल नाकारत आले होते, माझा कुणी जिन्यात नाकारला नव्हता. पण चौथ्या-पाचव्या दिवशी मजा येऊ लागली. एक मुलगा 'समजलं' असं म्हणताना दर वेळी पेनाचं टोपण लावतो. एक मुलगी फळ्याकडे बघून मान हलवते आणि उतरवते मात्र शेजारणीच्या वहीतून, कारण तिला फळा दिसतच नाही. हे मी जिन्यात सांगितलं तेव्हा बाई थांबल्या, मागे फिरल्या आणि त्या मुलीला पहिल्या बाकावर बसवूनच खाली आल्या. पुढच्या आठवड्यात तिला चष्मा लागला. त्या दिवशी मला बढती मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला, आणि बढत्या मला मिळाल्या आहेत.

सोळाव्या दिवशी मी पहिल्यांदा फळ्यापुढे उभी राहिले. आठवीचा वर्ग, अपूर्णांकांची उजळणी. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. दीपाला फळ्यावर बोलावलं. ही दीपा थ्रोबॉलमधली बाईंची कॅप्टन, उंच, हडकुळी, वर्गात कायम खिडकीकडे लक्ष. तिने बेधडक लिहिलं, दोन छेद पाच. वरचे वर, खालचे खाली. मी हसून "नो, नो" म्हटलं आणि डस्टर फिरवलं.

"पुसलंस कशाला?" मागच्या बाकावरून बाईंचा आवाज आला. मग त्यांनी दीपाला कन्नडमध्ये विचारलं, बाळा, हे कसं काढलंस ते सांग बघू. दीपा गप्प. मी घाईने तोंड उघडलं तर बाईंनी हात वर केला. "स्वल्प तडी," म्हणजे जरा थांब, हे त्यांचं दिवसातून वीसदा यायचं. आम्ही थांबलो. इतका वेळ थांबलो की मला घाम फुटला. आणि मग दीपा कन्नड-इंग्लिश मिसळून म्हणाली, परवा आपण दोन सामने खेळलो, एक जिंकला. काल तीन खेळलो, एक जिंकला. मग मिळून पाचातले दोन जिंकले, की नाही?

मी बी.एड.च्या सगळ्या पुस्तकांना मनातल्या मनात हाक मारली. एकही धावून आलं नाही. बाईंचा चेहरा मात्र लाडू मिळाल्यासारखा झाला होता. "बरोबर हाय की!" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "मग पुस्तक काय वेगळं सांगतंय?" पुढचा सगळा तास वर्ग भांडत होता. अर्धी चपाती आणि पाव चपाती मिळून किती, आणि सामने आणि चपाती यांत फरक काय, यावर बाकं बडवली गेली. तास संपला तेव्हा माझ्या टाचणातल्या सहापैकी दोन रकाने झाले होते. बाईंनी पिशवीतून एक वही काढून दीपाचं गणित तारखेसकट उतरवून घेतलं. त्या वहीत फक्त चुका होत्या, आवडलेल्या चुका. जुन्या पानांवरच्या मुलांना आता मुलं झाली होती.

मधल्या सुट्टीत डबा खाताना त्या माझ्या जुन्या नोकरीबद्दल खोदून खोदून विचारायच्या. प्रोग्राम चुकतोय हे कळतं कसं? चूक सापडली की लगेच दुरुस्त करता का? मी सांगितलं, आधी ती चूक परत परत घडवून बघतो, नेमकी कुठे वाट चुकते ते कळेपर्यंत काही हलवत नाही. बाईंनी भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवला. "मग पोरांचं उत्तर पुसायला कशी धावलीस गं?"

मगदूम बाई मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत, हे मला नागरत्नम्मा मॅडमकडून कळलं. त्याबरोबर दुसरी गोष्टही कळली. चार ते पाचचा खेळाचा तास हा वेळापत्रकात नव्हताच. बाई थांबत म्हणून तो होता. संध्याकाळी शाळेत मुली असतील तर एक शिक्षक हजर हवा, हा नियम. बाई गेल्या की शिक्षक नाही, म्हणून तास नाही. मग त्या वेळात दहावीचे जादा वर्ग घ्यायचे. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांच्या डोक्यावर निकाल होता. त्या म्हणाल्या, म्हणून तर मगदूम दर वर्षी हट्टाने बी.एड.चे विद्यार्थी मागून घेतात. एखादं कुणी अडकेल, गेस्ट टीचर म्हणून राहील, अशी आशा.

म्हणजे मी गळाला लागायचा मासा होते! मी तडक मैदानावर गेले. बाई जाळी बांधत होत्या.

"मॅडम म्हणतात ते खरं आहे का?"

"खरं हाय की." त्यांनी गाठ आवळली. "माझं काय गं, मी गावाकडं जाऊन शेंगा वाळवत बसेन. पण ह्या पोरी चारला घरी गेल्या तर भांडी, पाणी, धाकटी भावंडं. शाळेतबी कुणाचं तरी ऐकायचं, घरातबी ऐकायचं. हा एक तास त्यांचा हाय. तो गेला तर मला लई लागंल."

यानंतर त्या मला "राहतेस का?" असं विचारतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

जानेवारीत शेजारच्या शाळेच्या मैदानावर सामना होता. थ्रोबॉलमध्ये समोरून आलेला बॉल दोन्ही हातांनी झेलायचा आणि तीन सेकंदांत परत फेकायचा. आपल्याच मैत्रिणीकडे द्यायचा नाही. विचार करायला तेवढाच वेळ. पहिला गेम आमच्या मुली जिंकल्या, बाई एका गुलमोहराकडे तोंड करून उभ्या. तेवढ्यात आमच्या एका मुलीचं बोट दुखावलं, आणि बाई तिला घेऊन आत ऑफिसात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू थांब इथं."

मी नुसती थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी टीम लीड म्हणून पोसलेली बाई. समोरच्या संघाची उजवी बाजू कच्ची आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी ओरडले, "दीपा, राइट! राइटला टाक!" दीपाने टाकला आणि पॉइंट मिळाला. मग काय, मला चेवच आला. मागे ये, पुढे हो, आता डावीकडे! पहिले चार-पाच पॉइंट आम्ही धडाधड घेतले आणि मी स्वतःवर खूष झाले. मग काहीतरी बिघडलं. दीपा बॉल झेलायची आणि माझ्याकडे बघायची. मी ओरडेपर्यंत तीन सेकंद होऊन जायचे, पंचांची शिट्टी. मी आणखी लवकर, आणखी मोठ्याने ओरडू लागले. मग बॉल यायच्या आधीच सातही जणी माझ्याकडे बघू लागल्या. दुसरा गेम गेला. तिसरा तर वाऱ्यावर गेला. शेवटचा बॉल दीपाच्या खांद्याला लागून खाली पडला तेव्हा ती माझ्याच तोंडाकडे बघत होती.

बाई परत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी मुलींना केळी वाटली. बसस्टॉपवर आल्यावर नेहमीचा प्रश्न आला, "आज काय बघितलंस?"

मी म्हटलं, "मुली माझ्याकडे बघत होत्या."

"मग बॉलकडं कोण बघत होतं?"

मला रडू आलं. अडतीस वर्षांची बाई बनशंकरीच्या बसस्टॉपवर पदराने, म्हणजे माझ्या बाबतीत ओढणीने, डोळे पुसत होती. बाईंनी मला रडू दिलं आणि मग सांगितलं, इतक्या सहज की बसचा नंबर सांगतायत असं वाटावं. त्या नव्या होत्या तेव्हा शाळेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता. सरोजा नावाची मुलगी होती, बाई म्हणतील तशी खेळायची. ओळीने तीन वर्षं कप आणला. मग बाईंना टायफॉइड झाला, संघ दुसऱ्या कुणाबरोबर गेला. सरोजा सर्व्हिसला उभी राहिली, बॉल हातात घेऊन तशीच बघत राहिली. कुठे टाकायचा ते सांगायला कुणी नव्हतं. वेळ संपला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. शेवटी रडत बाहेर आली.

"मी परत आलो तर मला म्हणाली, मिस, तुम्ही नव्हता ना, म्हणून. कौतुकानं म्हणाली गं ती. आणि मी मनात म्हटलं, देवा, मी हे काय करून ठेवलं."

"पण मग नुसतं गप्प उभं राहायचं. पाठ कशाला फिरवायची?"

"तोंड गप्प बसवता येतं. भुवई न्हाई बसत. माझी भुवई हलली तरी पोरींना कळतंय. म्हणून मी भिंत बघतो." त्या हसल्या. "तुला काय वाटतं, मला बघावंसं वाटत न्हाई? मागं टाळ्या वाजल्या की जीव नुसता वळवळतोय."

त्या महिन्याअखेर माझी इंटर्नशिप संपली. सर्जापूर रोडवर, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका मोठ्या शाळेने मला नोकरी देऊ केली होती. मी दोन आठवडे विचार केला, नवऱ्याशी भांडले, आणि ठरवलं की ती नाकारायची आणि बनशंकरीला गेस्ट टीचर म्हणून राहायचं. खेळाचा तास मी घेईन. बसमध्ये भाषणही तयार केलं. त्यात 'जबाबदारी' हा शब्द दोनदा होता.

हेडमिस्ट्रेसच्या खोलीत गेले तर आधीच गर्दी. बारा मुली, पुढे दीपा. त्यांच्या मागे शिवण्णा सर, बळी जाणाऱ्या बोकडाच्या चेहऱ्याने. नागरत्नम्मा मॅडम म्हणत होत्या, शिवण्णा सर, तुम्हाला थ्रोबॉलमधलं काही कळतं का? "गोत्तिल्ला," सर प्रामाणिकपणे म्हणाले. मला माहीत नाही.

दीपा म्हणाली, "त्यांना कळायला नको, मॅडम. नियमात शिक्षक हजर पाहिजे एवढंच आहे. सर खुर्चीवर पेपर वाचत बसतील. खेळ आम्हाला येतो. सहावीच्या मुलींना आम्ही शिकवू. मॅच कुठे आहे, अर्ज कसा करायचा, तेपण विचारून आलोय." तिने वहीचं एक पान टेबलावर ठेवलं. त्यावर वेळापत्रक होतं, सरांच्या चहाची वेळसुद्धा लिहिलेली.

मॅडमनी ते पान बराच वेळ वाचलं, मग सही केली.

मी माझं भाषण घेऊन तशीच जिना उतरले. सुटले असं वाटलं, आणि खरं सांगते, अपमानही वाटला. माझी कुणाला गरजच नव्हती. बाई खाली गणिताच्या वह्या तपासत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलींनी त्यांना विचारलंदेखील नव्हतं. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "सरांच्या चहाची वेळबी लिहिली?" त्यांनी दोनदा विचारलं. "खरंच लिहिली?"

निरोपाच्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. सर्जापूर रोडवरच्या शाळेत रुजू होऊन मला महिना झाला होता. सकाळी हॉलमध्ये सगळं रीतसर झालं. शाल, फळं, भाषणं. मुलींनी गाणं म्हटलं. चार वाजता बाईंनी कपाट रिकामं केलं, पिशवी उचलली, आणि आम्ही दोघी निघालो. मैदानातून फाटकाकडे जायची वाट होती. खेळ सुरू झालेला. शिवण्णा सर खुर्चीवर, तोंडापुढे पेपर. दीपा सहावीतल्या एका बारक्या मुलीचं मनगट धरून काहीतरी दाखवत होती.

बाई वाटेत जरा रेंगाळल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी जातो गं," असं कन्नडमध्ये मुलींना म्हणाल्या, फार मोठ्याने नाही.

दीपाने मान वळवली नाही. बॉल हवेत होता. "मिस," ती ओरडली, "जाताना फाटक लावून घ्या, बॉल रस्त्यावर जातो!"

आम्ही बाहेर आलो. बाईंनी फाटक ओढून घेतलं, कडी घातली, हलवून बघितली. रस्त्यावर आल्यावर मला राहवलं नाही. विचारलं, "बाई, वाईट वाटलं का?"

"वाटलं की," त्या म्हणाल्या. "लई वाटलं." आणि त्यांची बस येताना दिसली म्हणून पिशवी छातीशी धरून झपझप पुढे गेल्या.